आगोट राहिली

मे महिन्याच्या शेवटी आम्ही गावी जातो ते दोन कामांसाठी. एक म्हणजे उरलासुरला आंबा आणायला, आणि दुसरं काकूला आगोटीत मदत करायला. आता मदत म्हणजे मी काय करणार, पुण्यात राहून राहून इतकी मऊ झालेय की दोन मोळ्या उचलल्या की कंबर धरून बसते, पण निदान पापड उलटायला, कावळे हाकलायला, सगळ्यांचा चहा टाकायला एक माणूस.

आगोट हा शब्द घाटावर फारसा कुणाला माहीत नसतो म्हणून सांगते. पाऊस लागायच्या आधीची बेगमी म्हणजे आगोट. कोकणात पाऊस एकदा लागला की चार महिने काही वाळत नाही, म्हणून जे जे कोरडं लागणार ते सगळं मे महिन्यातच घरात आणायचं. लाकडं फोडून पडवीत रचायची, शेणी भरायच्या, कौलं परतून घ्यायची, पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मार बसतो म्हणून विणलेल्या झावळ्यांची झापं बांधायची, मग कांद्याच्या माळा, मीठ, कुळीथ, सुके बोंबील नि सोडे, पोह्याचे पापड, आंब्याफणसाची साठं, आणि सगळ्यात शेवटी आमसुलं, कारण रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, मुळात पिकतोच उशिरा. हे सगळं मृगाच्या आत. मृग म्हणजे ७ जून, फार तर एखादा दिवस इकडेतिकडे. आमच्या आजीच्या वेळी ही तारीख म्हणजे सरकारी हुकूम होता, आणि गंमत म्हणजे पाऊससुद्धा बहुतेक वेळा तो हुकूम पाळायचा.

२०२५ च्या मेमध्ये आम्ही २४ तारखेला निघालो. ताम्हिणीत वायपर सुरू केले ते दापोलीपर्यंत बंद करायची वेळच आली नाही. मान्सूनपूर्व सरी असतील असं मी आपलं गाडीत म्हणत होते, तर त्याच दिवशी मान्सून केरळात आला होता, म्हणजे ठरलेल्या १ जूनच्या आठ दिवस आधी, दुसऱ्या दिवशी तो कोकणात उतरला आणि २६ तारखेला मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर तो गेल्या पंचाहत्तर वर्षांत कधी आला नव्हता, आधीचा विक्रम २९ मे १९५६ चा होता. कुलाब्याला त्या एका मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस झाला, त्याने १९१८ सालचा मे महिन्याचा विक्रम मोडला. पेपरात हे सगळं क्रिकेटच्या स्कोअरसारखं छापून येत होतं, विक्रम मोडला वगैरे, वाचायला बरं वाटतं.

आणि इकडे काकू ओटीवर बसलेली. समोर रातांब्यांच्या तीन टोपल्या, त्यातली एक आंबूस वास मारायला लागलेली. लाकडं अंगणातच ताडपत्रीखाली, झापं विणून तयार पण बांधायची राहिलेली, कारण गडी आंब्याला लागलेले होते आणि आंबा झाडावर होता. काका झोपाळ्यावर. मला बघून म्हणाले, "आलीस? राहिली गो आगोट."

मी म्हटलं, उशीर झाला का यंदा सगळ्याला?

त्यावर काकू जी काय उसळली. "मला कुठे उशीर झालाय? मी दरवर्षी करते तेव्हाच करायला घेतलं. तो लवकर आला, त्यात माझा उशीर कसा काय?"

हे वाक्य मी डोक्यातून काढू शकलेले नाही. क्लायमेट चेंजवर मी बरंच वाचते, म्हणजे मोबाइलवर झोपायच्या आधी वाचून घाबरायचं आणि मग झोपायचं असा माझा कार्यक्रम असतो, पण चाळीस वर्षं एक काम वेळेवर करणाऱ्या बाईला आपण काही चुकलो का असं वाटायला लावणं, हे कुठल्या ग्राफमध्ये मला कधी दिसलं नव्हतं.

आमच्या गावात हवामान बदल हा शब्द कोणी वापरत नाही. तिथे म्हणतात "वेळ राहिली नाही." मला हे जास्त नेमकं वाटतं. पृथ्वीचं सरासरी तापमान एवढ्या पॉइंट एवढ्याने वाढलं, हे खरंच आहे, पण सरासरी कोणाच्या अंगणात पडत नाही. अंगणात पडतो तो पाऊस, आणि तो कधी पडतो यावर आमच्याकडची सगळी अक्कल उभी होती. रोहिणी, मृग, आर्द्रा. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. हस्ताचा हत्ती, जाता जाता सोंड मारून जाणारा. पडल्या स्वाती तर पिकतील माणिक मोती. पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचं, बेडूक असेल तर बरा, गाढव असेल तर तोंड वाकडं करायचं. वाहनाचं मला कधीच पटलं नाही, ते खरं सांगते. पण बाकीचं नुसतं अंधश्रद्धा म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं, ते एक टाइमटेबल होतं, कित्येक पिढ्यांनी पावसाकडे बघून बघून लिहिलेलं. भाजावळ, म्हणजे रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजणं, कधी करायची, धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत, पेरायचं कधी, आवण, म्हणजे भाताची रोपं, लावणीला कधी येतं, होड्या पाण्यात कधी उतरवायच्या. शेकडो वर्षं चाललेलं एक वेळापत्रक आमच्या डोळ्यांदेखत रद्दीत चाललंय, आणि त्याच्या जागी दुसरं छापून येत नाहीये, हा खरा लोच्या आहे. नवीन तारीख ठरली असती तर लोकांनी मुकाट्याने तीच पाळली असती. २५ मे तर २५ मे. पण पुढच्या वर्षी २५ मेला येईल याचीही खात्री कोणी देत नाही. २०२३ ला जूनमध्ये बिपरजॉय नावाचं चक्रीवादळ अरबी समुद्रात किती दिवस रेंगाळत बसलं आणि मान्सून खोळंबला, तेव्हा आम्ही जूनच्या तिसऱ्या आठवड्यातही आभाळाकडे बघत होतो.

आंब्याचंही तेच. बाहेरच्या माणसाला वाटतं आंबा म्हणजे झाडाला लागतो आणि आपण काढतो. काकांना विचारा. हापूसच्या कलमाला मोहोर यायचा तर आधी पाऊस वेळेवर थांबायला हवा, मग ऑक्टोबरच्या उन्हाने जमीन जरा तापून सुकायला हवी म्हणजे मुळांना ताण बसतो, तोवर पालवी पक्की व्हायला हवी, आणि मग नोव्हेंबर-डिसेंबरात रात्रीची थंडी पडायला हवी. एवढं सगळं एकापाठोपाठ एक जुळून आलं तर मोहोर. यातलं एक जरी चुकलं तर झाड मोहोराऐवजी परत पालवी काढून मोकळं होतं. आता पाऊस दिवाळीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे असतो. २०१९ ला तर ऐन ऑक्टोबरच्या शेवटी क्यार आलं, त्याच्या पाठोपाठ महा. दोन्ही वादळं किनाऱ्यापासून लांबून गेली, पण कापून ठेवलेलं भात शेतातच भिजलं आणि तिथेच त्याला कोंब आले. ते कोंब काकांनी मला मुठीत धरून दाखवले होते. झाडं मात्र हिरवीगार, पालवीवर पालवी.

आणि मोहोर आला म्हणजे सुटलो असंही नाही. मोहोरावर पाऊस पडला किंवा नुसतं मळभ आलं तरी तुडतुडे, करपा, भुरी. हल्ली थ्रिप्स नावाचा एक प्रकार आहे, त्याच्यापुढे औषधं थकली. थंडी जास्त लांबली तर त्याचा वेगळाच ताप, पहिल्या मोहोराची फळं वाटाण्याएवढी, सुपारीएवढी झालेली असतात आणि त्याच झाडाला पुन्हा मोहोर येतो, याला पुनर्मोहोर म्हणतात, मग झाड सगळा जीव नव्या मोहोराकडे लावतं आणि आधीची फळं गळून जातात. दापोलीचं कृषी विद्यापीठ त्यावर जिबरेलिक ॲसिडची फवारणी सांगतं, काका करतात. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम उष्णता वाढते, फळ उन्हाने भाजतं, गळतं, आणि जे टिकतं त्यात साका निघायची भीती. साका म्हणजे वरून राजबिंडा दिसणारा आंबा कापला की आत पांढरट फोपशी ढेप. गिऱ्हाईक फोनवर शिव्या घालतं ते बागायतदाराला, त्याने काय आत शिरून बघायचं?

काका एकदा म्हणाले, "पूर्वी आम्ही दोन फवारण्या करायचो नि देवाला नारळ द्यायचो. आता फवारण्या मोजणं सोडलंय, नारळ तेवढा एकच देतो." औषधाचा खर्च, राखणीला नेपाळहून आलेल्या गड्यांचा पगार, पेट्या, पेंढा, गाडीभाडं हे सगळं धरलं तर काही वर्षी आंबा विकून हातात काय राहतं ते काका सांगत नाहीत. काकू सांगते, ते नसताना.

विमा आहे की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. हवामानावर आधारित फळपीक विमा योजना आहे आणि कागदावर ती चांगली वाटते, नुकसान मोजायला कोणी यायची गरज नाही, अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा यांचे आकडे ठरलेले, तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने तो आकडा नोंदवला की पैसे. आता आमची बाग आहे डोंगराच्या समुद्राकडच्या उतारावर, आणि केंद्र डोंगराच्या पलीकडे. कोकणातला पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसरं कोरडं. एका वर्षी मार्चमध्ये आमच्याकडे असा पाऊस झाला की मोहोर काळा पडला आणि केंद्रावर त्या दिवशी जेमतेम शिंतोडे. काका फॉर्म घेऊन गेले तर टेबलामागचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, तुमच्याकडे पाऊस झालेला नाही." काका परत आले आणि ओल्या पायरीवर बसून हसत सुटले. हसू नये तर काय करावं. पूर्वी पाऊस पडला की नाही हे ठरवायला माणसाचं डोकं भिजलेलं चालत होतं.

आता निसर्ग चक्रीवादळाचं सांगायलाच हवं. ३ जून २०२०. नाव काय तर निसर्ग, आणि लॉकडाऊन चालू, मी पुण्यात अडकलेली. दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास जमिनीवर आलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून महिन्यात चक्रीवादळ असं थेट धडकायची वेळ १८९१ नंतर पहिल्यांदा आली म्हणे. म्हणजे गावात जिवंत असलेल्या कोणाच्याही, आणि त्यांच्या आज्यांच्याही आठवणीत हे नव्हतं. इशारा वेळेवर आला होता, लोकांना हलवलंही होतं, ते काम चांगलं झालं म्हणायला हवं, नाहीतर माणसं किती गेली असती कोण जाणे. पण झाडांना कुठे हलवणार?

अकरा वाजता काकूचा शेवटचा फोन आला, मागे असा आवाज की मला वाटलं मिक्सर लावलाय. मग फोन बंद. टॉवर पडले, खांब पडले, तिसऱ्या दिवशी कोणीतरी डोंगरावर रेंज शोधून निरोप दिला की माणसं आहेत, घर आहे, छप्पर नाही. वीज यायला कित्येक आठवडे लागले. मी गेले ते पास मिळाल्यावर, जुलैत, आणि वळणावर गाडी थांबवली कारण मला आमची वाडी ओळखूच येईना. आमच्या वाडीत दुपारी बारा वाजतादेखील अंधार असायचा, नारळ-पोफळींची अशी दाटी. ती सगळी पोफळ आडवी, काड्यापेटी सांडावी तशी, आणि वरून ढळढळीत उजेड. त्या उजेडाचा मला इतका राग आला होता. समुद्रावरचं सुरूचं बन झोपलेलं. काकांच्या वडिलांनी लावलेलं रायवळ आंब्याचं झाड मुळासकट उपटून विहिरीच्या कठड्यावर पडलेलं, त्याच्या मुळांना अजून दगड धरलेले.

सरकारने बागांना हेक्टरी ५० हजार मदत जाहीर केली. आधीच्यापेक्षा ती पुष्कळ वाढवली होती हे मान्य. पण किनाऱ्यावरच्या वाड्या हेक्टरात मोजत नाहीत हो, गुंठ्यात मोजतात, दहा गुंठ्यांची वाडी असली की माणूस स्वतःला सुखी समजतो. दहा गुंठ्यांचे झाले ५ हजार. पडलेली झाडं कापून बाहेर काढायला लागणारा करवतवाला एका दिवसाचे किती घेतो ते विचारा. आणि नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं, नारळाचं तेच, कलम पूर्ण भरात यायला त्याहून जास्त. काका तेव्हा ६८ वर्षांचे होते. त्यांनी रोपं लावली. बोलले काही नाहीत, लावली.

वर्षही झालं नाही तोवर, १५-१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनारा घासत वर गुजरातकडे गेलं. ऐन आंब्याच्या हंगामात.

तर हे आमच्याच नशिबी का, असं मी मग शोधायला लागले. पूर्वी भूगोलात शिकवायचे की वादळं म्हणजे बंगालचा उपसागर, ओडिशा, आंध्र. अरबी समुद्र त्या मानाने गरीब. का गरीब, तर तो थंड. चक्रीवादळाला समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंश तरी लागतं, त्याच्या वाफेवरच ते जगतं. पृथ्वीवर जी जादा उष्णता साठतेय तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतलीये, आणि त्यात हिंदी महासागराचा हा पट्टा जरा जास्तच वेगाने तापला. पुण्यात पाषाणला आयआयटीएम म्हणून हवामानशास्त्राची संस्था आहे, माझ्या ऑफिसच्या बसवरून तिची पाटी दिसते, तिथल्या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, आणि बंगालच्या उपसागरात ती उलट थोडी कमी झाली. ती पाटी मी दहा वर्षं बघत होते. तिच्या आत बसून कोणीतरी आमच्या पोफळींची गोष्ट लिहीत होतं.

पावसाचंही तसंच. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. मोठा टँकर झाला म्हणा ना. मग तो भरायला वेळ लागतो आणि रिकामा करतो तेव्हा एकदम करतो. आयआयटीएमचेच रॉक्सी कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, एकूण पाऊस मात्र कमी होत असताना. गावात याला म्हणतात पाऊस पडत नाही, ओततो.

२२ जुलै २०२१ ला तो चिपळूणवर ओतला. माझी मावसबहीण तिथे बाजारपेठेत राहते. वर महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर, खाली वाशिष्ठी नदी, आणि समुद्राला भरती, म्हणजे पाणी जाणार कुठे. पहाटे तिला जिन्याच्या पायरीवर पाण्याचा डुबुक डुबुक आवाज आला. दुपारपर्यंत ती मुलांना घेऊन गच्चीवर. तिने सांगितलेली एकच गोष्ट सांगते, पाणी ओसरल्यावर घरात सगळीकडे वीतभर चिखल होता आणि फ्रीज किचनमधून निघून बाथरूमच्या दारात अडकून उभा होता, जणू आंघोळीला निघालाय. ती हे सांगताना हसते. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर डोंगर आला, ऐंशीच्या वर माणसं गेली. तिथे हसण्यासारखं काही नाही.

पण इथे मला थोडं वाकड्यात शिरायचंय. सगळं खापर हवामानावर फोडायची जी सवय लागलीये ना, ती मला संशयास्पद वाटते. हवामान बदल हा असा आरोपी आहे की तो कधीच कोर्टात हजर होत नाही, त्यामुळे त्याच्यावर काहीही घालता येतं. चिपळूणला पाऊस ओतला हे खरं, पण वाशिष्ठीच्या पात्रात वर्षानुवर्षं साचलेला गाळ आभाळातून पडला नव्हता, आणि तो काढावा म्हणून चिपळूणकरांना उपोषणाला बसावं लागलं. डोंगर खचतात कारण पाऊस जास्त, आणि डोंगर खचतात कारण पायथा पोखरून रस्ता, बंगले, चिऱ्याच्या खाणी. माधव गाडगीळांच्या समितीने पश्चिम घाट जपा, खाणी-बांधकामं आवरा असा अहवाल २०११ मध्येच दिला, नंतर कोकणात त्याच्याविरुद्ध सभा झाल्या. आमच्या गावातही झाली, आणि काका तिथे पुढच्या रांगेत बसले होते, विरोधात. आता त्यांना विचारलं तर म्हणतात, आम्हाला सांगितलं होतं की घरावर कौल चढवायलासुद्धा परवानगी लागणार. मी वाद घालत नाही. मी स्वतः डोंगर कापून वसवलेल्या लवासाला वीकेंडला जाऊन आलेले आहे, फोटोसकट.

तरीपण हिशोब काढायचा म्हटला तर काढूया. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड साधारण २ टन वर्षाला, अमेरिकेत १४ टनांच्या आसपास. आणि त्या २ टनांच्या सरासरीत मी आहे, एसी, कार, वर्षातून दोन विमानप्रवासवाली, आणि काकू आहे, जिची चूल झावळ्यांवर आणि करवंट्यांवर चालते. म्हणजे काकूचा वाटा किती निघेल? जो समुद्र तिने तापवला नाही त्याने तिचं छप्पर नेलं. २०२२ मध्ये इजिप्तला शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत ठरलं की अशा नुकसानीसाठी गरीब देशांना एक फंड द्यायचा, २०२३ मध्ये दुबईत तो सुरू झाला आणि सगळ्या जगाने मिळून त्यात जवळपास ७० कोटी डॉलर देऊ असं म्हटलं. सगळ्या गरीब देशांत मिळून. मी हे काकूला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, आपल्या तलाठ्याला माहितीये का हे?

मासळीकडे मी जास्त वळत नाही, ते माझ्या घरातलं नाही. पण हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव बघायला गेलं की कळतं. तिथला एक ओळखीचा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, सांगतो की पूर्वी पावसाळ्यात मासेमारी बंद, नारळी पौर्णिमा झाली की दर्यात, बाकीचे महिने आमचे. आता त्या महिन्यांतही कधी बावटा, म्हणजे बंदरावर वादळाच्या धोक्याची खूण, लागेल नेम नाही. डिझेल भरलंय, बर्फ भरलाय, खलाशांना उचल दिलीये आणि तीन नंबरचा बावटा. बर्फ वितळतो, त्याचं कर्ज काही वितळत नाही. होड्या नांगरून सगळे बंदरावर पत्ते कुटत बसतात. "दर्या आपला राहिला नाय" म्हणतो. तोही वेळ राहिली नाही असंच म्हणतोय, फक्त खाऱ्या पाण्यातून.

बरं, त्या मेचं काय झालं ते राहिलंच. पाऊस तीस तारखेपर्यंत धो धो पडला. शेवटचा आंबा झाडावर फुटला, किडला, तो गुरांना घातला. शेतं चिखल झाली त्यामुळे धूळवाफेची पेरणी गेली, रान माजलं. मी रजा वाढवून घेतली. आणि मग जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ज्या दिवसांत आम्ही लहानपणी मृगाचे किडे शोधत फिरायचो, त्या दिवसांत पाऊस गायब. मान्सून आला आणि अडकला असं हवामान खात्याने सांगितलं. कडकडीत ऊन. जमिनीतून वाफ निघतेय, अंगावरचा घाम सुकत नाही, पाच मिनिटं अंगणात उभं राहिलं तर गरगरतं. सगळं गाव एकमेकांना न सांगता पुन्हा आगोटीला लागलं. ताडपत्र्या निघाल्या, लाकडं पसरली, झापं चढली.

वाचलेल्या दोन टोपल्यांतले रातांबे काकूने फोडून त्यांची सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून ठेवली होती, ती आता बाहेर काढली. आमसूल एका उन्हात होत नाही. रसात बुडवायचं, वाळवायचं, परत बुडवायचं, परत वाळवायचं, चार-पाच उन्हं सलग लागतात आणि मध्ये पाऊस लागला तर बुरशी.

"मोबाइलवर काय दाखवतंय?" काकांनी विचारलं. मी बघितलं. दुपारी तीन वाजता पाऊस, ४० टक्के.

"४० टक्के म्हणजे येणार की नाही येणार?"

मला सांगता येईना. काका उठून मागल्या दारी गेले, समुद्राकडे कान करून उभे राहिले, बराच वेळ. पूर्वी ते असे उभे राहून आत येऊन एका शब्दात सांगायचे. यावेळी आले आणि पाणी प्यायले. आम्ही तीन वाजायच्या आधी सगळं उचललं, चार सुपं, दोन चटया, पळापळ. आभाळ निरभ्र. पाच वाजेपर्यंत निरभ्र. दुसऱ्या दिवशी मोबाइल म्हणाला कोरडं राहील, आणि सव्वादोनला एक ढग डोंगराआडून आला आणि फक्त आमच्या वाडीवर झोडपून गेला, निम्मी सालं भिजली. हवामान केंद्राकडे अर्थात काही नोंद नसणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत ऊन. मी सूप हातात घेऊन दारात उभी, काका झोपाळ्यावर, मोबाइल खांबाला टेकवलेला. काकूने आभाळाकडे बघितलं नाही, मोबाइलकडेही नाही. भिजलेली आणि वाचलेली सालं वेगळी करत होती.

"काकू, घालू का बाहेर?"

"अर्धी घाल," ती म्हणाली. "अर्धी राहू देत आत."